गेटपर्यंत सखूबाई

"सखूबाई रविवारी गेटमधून पळ..." शेजारच्या वृद्धाश्रमातली निपाणीची आया फोनवर कुणाला तरी सांगत होती. एवढंच ऐकू आलं आणि माझ्या कुकरने शिट्टी मारली!

इथे कन्नड मुलखात, के. आर. पुरममधल्या आमच्या घराची आणि वृद्धाश्रमाची भिंत एकच. किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही, कपडे वाळत घालता घालता पदरात पडतात. आमचे हे म्हणतात, "लोकांच्या भिंतीला कान असतात, आमच्या भिंतीला बायको आहे!"

*

सखूबाई साताऱ्याच्या. पाय गेल्यापासून व्हीलचेअरवर. लेक मारतहळ्ळीला आयटीत, दर रविवारी भेटायला येतो. पण निघताना त्याला गेटपर्यंत पोचवायला जाता येत नाही, हा त्यांना सल. आया मोकळी होईपर्यंत त्याची गाडी सिग्नलला गेलेली!

"आधीच सांगून ठेवा की आयाला," मी म्हटलं.

"आपल्या लेकाला दुसऱ्याच्या हातानं पोचवायचं होय गं?"

शेवटी फिजिओ शैलजा मॅडमनी सगळ्यांच्या दंडांचा व्यायाम सुरू केला. आपली चाकं आपण फिरवायची!

*

पहिल्या दिवशी ओढायला रबरी पट्ट्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी सखूबाईंची पट्टी गायब. बघते तर खिडकीला बांधलेली, वर पातळ वाळतंय!

"ताणायचीच होती ना? ताणलीय की!"

*

मग एक किलोचं डंबेल आलं. "हे काय, लिंबू?" म्हणून त्यांनी भिंतीवरून माझा वरवंटा मागितला. दिला. तेव्हापासून आमच्याकडे चटणी मिक्सरवर.

"चटणीला चव नाही," हे कुरकुरले.

"चव शेजारी व्यायाम करतेय!"

*

बेळगावकडचे देसाई सर, रिटायर्ड हेडमास्तर. मॅडम म्हणायच्या, "इन्नू स्वल्प, सर!" म्हणजे अजून थोडं. सर हात खाली सोडून गंभीरपणे म्हणायचे, "विराम!"

*

कन्नडात 'साकु' म्हणजे पुरे. दहा झाले की मॅडम ओरडायच्या, "साकु, साकु!" सगळे थांबायचे. सखूबाईंना वाटायचं, आपल्यालाच हाक मारतायत. "ओ!" म्हणून आणखी दोन! असं महिनाभर. शेवटी त्या जेवणाच्या टेबलापर्यंत एकट्या जायला लागल्या.

शनिवारी मला राहवेना. भिंतीवरून अर्थ सांगून टाकला. सखूबाईंनी हातातला वरवंटा मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस."

उगाच बोलले, असं मला वाटत राहिलं.

*

रविवारी मी मुद्दाम आमच्या गेटशी कोथिंबीर निवडत बसले. लेक आईच्या पाया पडून निघाला. मागून चाकांचा आवाज! सखूबाई. अर्ध्या वाटेत धाप लागून थांबल्या.

"आई, राहू दे गं!"

आया धावली. "हात लावायचा नाही!" म्हणाल्या, आणि पुन्हा चाकं धरली. हळूहळू गेटपर्यंत आल्या. घामाघूम! वॉचमन अण्णा हात आडवे करून ओरडला, "साकु, अज्जी, साकु!"

सखूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"ओ!"

आणि आणखी दोन! खुर्ची गेटबाहेर, थेट गाडीच्या दाराशी. लेकाच्या गालावरून हात फिरवला. "सावकाश चालव. पोचलास की फोन कर."

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी कोथिंबीर निवडत राहिले. मग विचारलंच, "सखूबाई, तुम्ही पळून जाणार असं ऐकलं होतं!"

त्यांनी तळहात पदराला पुसले.

"आज एवढं साकु."