डॉक्टर सांगतील

वॉर्डात तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. मोठ्या म्हणजे वयाने. पगाराने म्हणाल तर नाव नको. कामाची वाटणी कधीचीच ठरलेली होती. औषध लिहायचं डॉक्टरने, सुई टोचायची सिस्टरने. घाण सिस्टरच्या वाट्याला, आभार डॉक्टरच्या. याबद्दल तिची तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण करून करून तीच थकली होती. एकच नियम तिला जन्मभर सलत आला. वाईट बातमी नातेवाइकांना डॉक्टरनेच सांगायची, सिस्टरने तोंड उघडायचं नाही.

आणि डॉक्टर कुठे? ऑपरेशनला, मीटिंगला, नाहीतर वरच्या मजल्यावर. तोवर कुणाची आई, कुणाची बायको दारात हिचीच वाट अडवायची आणि विचारायची, कसा आहे हो आता? माणूस हिच्या डोळ्यांदेखत गेलेला असायचा आणि ही खाली बघून म्हणायची, डॉक्टर सांगतील. बरं असेल तर ती असं कधीच म्हणत नसे. झोपलाय, दूध प्यायला, तुमची आठवण काढत होता, सगळं भडाभडा सांगून मोकळी व्हायची. त्यामुळे वॉर्डात मुरलेले नातेवाईक तिने डॉक्टरांचं नाव काढलं की भिंतच धरायचे.

घरी आली की सुजलेले पाय स्टुलावर टाकून ती हे सगळं नवऱ्यापाशी ओकायची. नवरा शिंपी. मशीन न थांबवता ऐकायचा आणि वर चिडवायचा, की उद्या भाजीत मीठ का नाही विचारलं तरी डॉक्टर सांगतील म्हणशील. आपल्याला सांगू देतील तर आपण त्यांच्यापेक्षा बरं सांगू, शेजारी बसून, हात धरून, असं ती तावातावाने म्हणायची.

मग नवऱ्याचा खोकला हटेना आणि अंगावरचे कपडे लोंबायला लागले. तो नको नको म्हणत असताना तिने त्याला ओढत आपल्याच हॉस्पिटलात नेलं, सगळ्या तपासण्या करून घेतल्या. आज दुपारी छातीच्या डॉक्टरांनी तिला जिन्यापाशी गाठलं.

“सिस्टर, गाठ पसरलीय. आता फारसं काही हातात नाही,” ते म्हणाले. “घरी तुम्हीच सांगा. तुम्ही काय, घरच्याच.”

आणि गेले. ज्या कामाला आयुष्यभर हात लावू दिला नाही, ते नेमकं आज तिच्या गळ्यात घालून गेले. तिला संताप आला, पण चिडायलाही अंगात त्राण लागतं. वाटभर ती शब्द जुळवत राहिली. आधी बसायचं. हात धरायचा. हळूहळू सांगायचं. निदान एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं.

नवरा पडद्याला काठ शिवत होता. ती दारात एक चप्पल काढत होती, दुसरी अजून पायातच होती.

“काय म्हणाले गं?” त्याने मान वर न करता विचारलं.

“डॉक्टर सांगतील,” ती म्हणाली.

मशीन थांबलं. जीभ हासडून टाकावी असं तिला झालं. ती तशीच एका चपलेनिशी आत आली, त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा हात धरला. ठरवलेला एकही शब्द आठवेना. त्याने दुसऱ्या हाताने पडद्याचा धागा कापला.

“बरं झालं,” तो म्हणाला, “तुझ्याच तोंडून कळलं.”

मग तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. मशीन बंदच राहिलं.