पापुआचा साहेब आणि भाचीची हळद

विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवायचो. पापुआत नेमणुकीवर गेलेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याचं जुनं पुस्तक म्हणजे माझं हुकमी गिऱ्हाईक. तिथं बायको आणताना डुकरं देतात, म्हणजे बाई विकतच घेतात, असं साहेब ठोकून देतो. नवरा मेला की बाई अंगाला चिखल फासते, बियांचा जड अंगरखा महिनोन्‌महिने घालते, म्हणून ती रानटी. साहेबाच्या मायदेशी विधवा वर्षानुवर्षं काळे झगे घालून बसायच्या, त्या मात्र सुसंस्कृत! हे मी दरवर्षी ऐकवायचो, पोरं हसायची आणि मला स्वतःचं भारी कौतुक वाटायचं.

गेल्या वर्षी कडेगावला माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा वारला. भाचीचं लग्न ठरलेलं होतं. आमच्यात घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. त्यामुळं बहीण डोळे पुसत पत्रिका वाटत फिरली. साहेबाला हे कळतं तर त्यानं यावर अख्खं प्रकरण खरडलं असतं.

एकदा ती डाळ निवडत बसली असताना मी तिला पापुआतल्या त्या अंगरख्याचं सांगितलं. एके दिवशी गावजेवण घालतात, सगळ्यांसमोर तो उतरवतात आणि शोक संपतो. बाई पुन्हा लग्नही करते. यावरही साहेबानं नाक मुरडलंय, इतक्या लवकर विसरतात म्हणून.

"म्हंजी त्यास्नी सुटायचा दिस असतुय," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "दादा, पोरीला पयली हळद मी लावू? दुसरं कायबी नगं मला."

"लाव की," मी म्हणालो. अगदी छाती काढून म्हणालो.

हळदीच्या दिवशी ती वाटी घेऊन पाटापाशी आली. वरपक्षाच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. तोंडानं कुणी काही बोललं नव्हतं. तेवढ्यात मी, साहेबाची जन्मभर टर उडवणारा शहाणा, पुढं झालो, तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि तिच्या जावेकडं दिली. "राहू दे, चारचौघांत कशाला," असं काहीतरी पुटपुटलो. लाज वाटते सांगायला.

ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. मी समजूत घालायला गेलो.

"त्या बायकांनी अडवलं असतं तर भांडून लावली असती, दादा," ती म्हणाली. "वाटी तू घेतलीस. आता भांडू कुणासंगं?"