ओव्हरसाइटचा घोळ

हॉटेलच्या लॉन्ड्रीत बरीच वर्षं चादरींना इस्त्री केल्यावर ताई सुपरवायझर झाल्या, आणि नको ती इंग्रजी मागे लागली. मॅनेजरसाहेबांचे निरोप आता थेट त्यांच्या मोबाइलवर येऊ लागले, तेही जडजड इंग्रजीत. शेवटी त्यांनी नणंदेला गळ घातली. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची. रोज सकाळी ती फोनवर एक भारी शब्द सांगायची आणि ताई टॉवेलांच्या घड्या घालता घालता तो घोकायच्या.

एका मोठ्या पार्टीच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला. टेबलक्लॉथबद्दल होता. शेवटी लिहिलं होतं, ‘एन्टायरली युवर ओव्हरसाइट’. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख, हे ताईंना तोंडपाठ. म्हणजे सगळी देखरेख तुमचीच! त्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्या तडक केबिनमध्ये गेल्या.

“थँक्यू सर! लॉन्ड्रीतल्या पोरींनीही जीव तोडून काम केलं हो.”

साहेब बघतच राहिले. “ताई, गोल टेबलांसाठी तुमच्या लॉन्ड्रीतून लांबडे टेबलक्लॉथ आले, तेच अंथरले गेले. पाहुणे पाय अडकून पडता पडता वाचले. थँक्यू कसलं?”

ताईंना कुठे तोंड लपवू असं झालं. बाहेर येऊन त्यांनी नणंदेला फोन लावला.

“अगं, ओव्हरसाइट म्हणजे देखरेख ना?”

“हो वहिनी. आणि नजरचूकसुद्धा.”

“एकाच शब्दाचे दोन अर्थ, तेही असे उलटेपालटे? मग माणसाने समजायचं काय?”

“आजूबाजूचं बघून ठरवायचं. सँक्शनचंही तसंच. मंजुरीही आणि बंदीही.”

झालं! आयुष्यभर बिनघोर वापरलेला शब्दही हातचा गेला.

पुढच्या महिन्यात ताईंनी एक दिवसाची रजा मागितली. उत्तर आलं, ‘लीव्ह सँक्शन्ड’. त्यांनी ते उलटसुलट वाचलं. आजूबाजूला बघायला दुसरा शब्दच नव्हता! शेवटी त्यांनी साहेबांना फोन केला. “सर, उद्या येऊ की नको?”

“नका येऊ,” म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

ताई निर्धास्त झाल्या. पण दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता मनात पाल चुकचुकली. नका येऊ, ते रजा दिली म्हणून की टेबलक्लॉथचा राग अजून गेला नाही म्हणून? अर्धा कप तसाच ठेवून त्यांनी चपला घातल्या, आणि स्वतःच्याच रजेच्या दिवशी त्या कामावर हजर झाल्या.