लिटरला चौदा

ताईला तिच्या वडिलांनी गाडी शिकवली ती झोपून. म्हणजे ते झोपायचे आणि ही चालवायची. हातात नवं कोरं लायसन्स आलं, तसे सुट्टीच्या दिवशी ते मागच्या सीटवर आडवे व्हायचे, तोंडावर टॉवेल ओढायचे आणि सांगायचे, "माझी झोप मोडली की तू नापास." तिने कचकन ब्रेक दाबला किंवा गिअरला हिसका दिला, की टॉवेलखालून निवांत आवाज यायचा, "नापास." आठ महिने ती नापास होत राहिली. मग एका रविवारी आत्याच्या दारात गाडी उभी राहिली तरी वडील घोरतच होते. त्यांना उठवायचं कसं, म्हणून ती तासभर स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. आत्याने दोनदा बाहेर येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. आता ताई फिरत्या वाचनालयाची गाडी चालवते. चार फळ्यांवर पुस्तकं, सहा थांबे, शेवटचा थांबा डोंगरावरची शाळा. तिथे पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी कुंपणाच्या भिंतीवर बसून वाट बघत असते. सगळी गाडी वाचून काढायची, असं तिने ठरवलंय. वरची फळी संपवून ती दुसरीवर आली होती.

आणि नेमका तेव्हाच गाडीचा डिझेलचा कोटा कमी झाला. ग्रंथपालसाहेबांनी कागद पुढे ठेवला. महिन्याला साठ लिटर, बारा फेऱ्या, म्हणजे फेरीला पाच लिटर. पूर्ण फेरी सत्तर किलोमीटरची आणि गाडी लिटरला बारा देणारी. साहेब काही वाईट माणूस नव्हते, पण नियम हा त्यांचा जीव की प्राण. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, हिशेब डोंगराच्या पायथ्याशीच संपतो. पुढच्या महिन्यापासून शाळेचा थांबा बंद करावा लागेल."

"आणि लिटरला चौदा दिले तर?"

साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. ही जुनी गाडी चौदा देईल यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण महिनाअखेरच्या फेरीला स्वतः येऊन मोजायचं त्यांनी कबूल केलं.

ताई घरी आली ती डोक्यात ते दोन दात घेऊनच. दुसऱ्या दिवशी तिने एअर फिल्टर काढला, तर त्यातून आख्ख्या रस्त्याची धूळ निघाली. टायरमधली हवा दर सोमवारी सकाळी, टायर थंड असताना बघायची, असा नेम केला. टपावरचं रिकामं कॅरिअर नुसतंच वारा अडवत होतं, ते उतरवलं. आधीचा ड्रायव्हर थांब्यावर इंजिन चालूच ठेवायचा, बंद केलं तर पुन्हा सुरू होईल की नाही या धास्तीने, आणि तीच सवय तिलाही लागली होती. तिने बॅटरीची टोकं घासूनपुसून घट्ट केली आणि मुलं पुस्तकं चाळत असताना इंजिन बंद ठेवायला लागली. पुढे म्हैस दिसली की शंभर पावलं आधीच एक्सलेटरवरून पाय काढायचा, इंजिन कण्हायच्या आत गिअर बदलायचा. लेक शेजारी बसून चिडवायची, "आई, तू गाडी चालवतेस की गाडीला थोपटतेस?"

दोन आठवड्यांनी ॲव्हरेज साडेतेरावर आलं आणि तिथेच रुतून बसलं.

त्या आठवड्यात डोंगरावरच्या मुलीने सहज विचारलं, "ताई, खालच्या फळीवरची कुलपातली पुस्तकं कोण वाचतं?"

काचेआड ज्ञानकोशाचे चाळीस खंड होते. ताईने कुलूप काढून एक उचलला. तान्ह्या बाळाएवढा भरला. म्हणजे चाळीस खंडांच्या वजनाची दोन धडधाकट माणसं दर फेरीला गाडीत बसून डोंगर चढत होती आणि उतरत होती.

खंड गाडीतून उतरवायचे म्हटलं, तर साहेबांचा नियम तयार होता: संदर्भग्रंथ घरी द्यायचे नाहीत, जागेवर बसून वाचायचे.

"गाडीत बसून कोण वाचणार, सर? मी गिअर टाकू की खंड उलटू?"

"पण त्यांची नोंद गाडीच्या नावावर आहे."

"मग शाळेच्या नावावर करा. तिथे वर्ग आहे, कपाट आहे, बसायला बाक आहेत. कुणी घरी नेणार नाही. तुमचा नियम तिथेच नीट पाळला जाईल."

साहेब बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळत राहिले. अडवणारं एकही कलम सापडेना, तेव्हा ते जरा हिरमुसले आणि त्यांनी सही केली. पुढच्याच फेरीला चाळीसही खंड शाळेच्या कपाटात गेले.

महिनाअखेरीस टाकी तोंडोतोंड भरून गाडी निघाली. साहेब मागच्या सीटवर वही उघडून ताठ बसले होते. डोंगर चढून, मुलांना पुस्तकं देऊन परत फिरल्यावर उतारावर त्यांनी सुचवलं, "न्यूट्रल करा ना, तेवढंच डिझेल वाचेल." ताईने आरशातून त्यांच्याकडे बघितलं. "सर, घरी दोन लेकरं आहेत ना तुमची? गाडी गिअरमध्येच राहणार. एक्सलेटर सोडला की तशीही ती डिझेल मागत नाही आणि ब्रेकही तापत नाहीत." त्यानंतर मागून काही सूचना आली नाही.

पंपावर पुन्हा टाकी तोंडोतोंड भरली. नळी धरलेली बाई आकडा वाचून म्हणाली, "चार लिटर नव्वद." ताईने दोनदा वाकून बघितलं, मग हसू दाबत मागचं दार उघडलं. साहेबांची मान खिडकीला टेकली होती आणि वही मांडीवरून घसरून पायाशी पडली होती.

"सर, झोप लागली होती?"

"छे, जरा डोळे मिटले होते." गालावर खिडकीच्या रबराची लांबलचक रेघ उमटली होती. त्यांनी वही उचलली, आकडा दोनदा विचारून लिहिला आणि खाली लिहिलं, थांबे सहा.

परत निघताना ताईने आरशात रिकाम्या मागच्या सीटकडे एकदा बघितलं. साहेब आता पुढे येऊन बसले होते आणि डोंगरावरच्या मुलीने पहिला खंड कुठपर्यंत वाचला, ते विचारत होते.