भाऊबिजेची वायर

भावाने आजवर मला दिलेल्या वस्तूंपैकी एकच मी त्याला परत केली. ती भाऊबिजेची ओवाळणी होती, आणि मी ती त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, काउंटरवर ठेवून आले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटतं, आणि ते लिहिल्याशिवाय जाणार नाही असं दिसतं. लिहूनही जाईल याची खात्री नाही.

मी आदिलाबादला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, राहते शेजारच्या मावल्यात. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नार्नूरला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. कास्तकारांच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तार वेढे मोजत भरायची, हे त्याचं रोजचं काम. जोडीला फवारणीच्या बॅटरी पंपांच्या वायरी, चार्जर असली बारीक कामंही तो करायचा आणि त्याच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे. शाळा त्याने नववीत सोडली. माझ्या विज्ञान प्रदर्शनातली विजेची घंटी त्यानेच वाजती करून दिली होती. बक्षीस घ्यायला स्टेजवर मी गेले. तेव्हापासून घरात 'सायन्सवाली' मीच.

दोन वर्षांपूर्वी मी आकाशाचे फोटो काढायचा कॅमेरा घेतला, स्वतःला थंड करणारा. नवरा म्हणाला, "फ्रिज आहे की घरात." त्याला समजावलं, तसं इथेही सांगते. ताऱ्यांचा फोटो काढायला कॅमेरा कित्येक मिनिटं डोळा उघडा ठेवून बसतो. तेवढ्यात आतला सेन्सर तापतो आणि फोटोभर घामोळं उठल्यासारखे ठिपके येतात. म्हणून या कॅमेऱ्याच्या पोटातच एक कूलर असतो, तो सेन्सरला शून्याच्या खाली नेतो. त्या कूलरसाठी बारा व्होल्टची वेगळी वायर लागते. काढलेला फोटो लॅपटॉपवर येतो तो दुसऱ्या, यूएसबीच्या वायरीने. एक वायर करंटची, एक फोटोची. माझं सगळं पाप या दोन वायरींमध्ये आहे.

मावल्यात करंट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून कॅमेरा बॅटरीवर चालवायचं ठरवलं आणि तसं भावाला फोनवर बोलले. भाऊबिजेला तो आला. मी ओवाळलं. त्याने ताटात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं ठेवलं. आत वायर होती. जाड तांब्याची, मध्ये फ्यूज, एका टोकाला बॅटरीचे चिमटे, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्यात नेमकी बसणारी पिन आणि प्रत्येक जोडावर काळी नळी चढवलेली.

"साडी त सारेच देतेत," तो म्हणाला. "म्हनलं, बाईले तिच्या कामाचं काई द्यावं."

मला खरोखर आनंद झाला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे वागले त्यावरून कुणाला ते पटणार नाही.

त्याच आठवड्यात थंडी पडली. आदिलाबादची थंडी बाहेरगावच्यांना खोटी वाटते, इथे मात्र हातातला कप थरथरतो. मी शहाणपणा केला. कॅमेरा गच्चीवर ठेवला आणि आपण खालच्या खोलीत शाल पांघरून लॅपटॉपपुढे बसले. फोटोची वायर तेवढी पुरेना, म्हणून तिला पाच मीटरची जोडवायर लावून ती खिडकीतून आत घेतली. कूलर चालू केला. आकडा खाली उतरू लागला, उणे पाच, उणे आठ, उणे दहा. पाचेक मिनिटं सगळं सुरळीत, आणि मग पडद्यावर पाटी: कॅमेरा जोडलेला नाही.

वर जाऊन वायरी काढल्या, लावल्या. कॅमेरा आला. दहा मिनिटांनी गेला. लॅपटॉप बंद करून चालू केला, प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. आला, गेला. असे पाचसहा दिवस जिन्यावरून वरखाली करण्यात गेले, आणि माझा स्वभाव जात्याच तापट. शेवटी हौशी लोकांच्या एका ग्रुपवर विचारलं. कुणीतरी लिहिलं, कूलर भरपूर करंट ओढतो, करंटची वायर हलकी असेल तर व्होल्टेज पडतं, तपासा. कोणती वायर वापरता? मी उत्तर दिलं, "लोकल मेकॅनिककडून करून घेतलेली आहे."

भावाने केलेली, असं लिहिलं नाही. लोकल मेकॅनिक.

तो 'तपासा' हा शब्द मी वाचला आणि सोडून दिला. वायरीत व्होल्टेज कसं पडतं, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. कॉलेजच्या लॅबच्या कपाटात व्होल्टेज मोजायचे चार मीटर आहेत, चारही चालू. मीटर लावून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण नववीत शाळा सोडलेल्या माणसाने केलेली वायर म्हटल्यावर मला मोजायची गरजच वाटली नाही. नाचता येईना, अंगण वाकडे. मी कंपनीची तयार वायर मागवली.

ती आली त्या संध्याकाळी मला तिची करामत डोळ्यांनी बघायची होती. म्हणून लॅपटॉप घेऊन गच्चीवरच बसले. जवळच बसल्यामुळे पाच मीटरची जोडवायर लागलीच नाही. कॅमेरा तीन तास चालला, एकदाही तुटला नाही. मी नवऱ्याला हाक मारून म्हटलं, "बघा, दादाच्याच वायरीत खोट होती."

प्रॅक्टिकलच्या वहीत पोरांनी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, की मी लाल पेनाने गुण कापते. त्या दिवशी मी करंटची वायर बदलली आणि फोटोची जोडवायरही काढली. श्रेय एकीला दिलं आणि दोष भावाला.

संक्रांतीला नार्नूरला गेले. दुकानात दोन कास्तकार बसले होते, एकाच्या पायाशी फवारणीचा पंप. भावाने स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी तिळगूळ दिला आणि पर्समधून वायर काढून काउंटरवर ठेवली.

"दादा, हे पंपाले चालन," मी हसत म्हणाले, "कॅमेऱ्याले नाई चालत."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. कास्तकार हसले. पंपवाला म्हणाला, "म्हंजे आमच्या पंपाले काईबी चालते का वो?" त्यावर सगळे पुन्हा हसले. भाऊही हसला. त्याने वायर उचलली, नीट गुंडाळली आणि मागच्या फळीवर ठेवली. "काऊन, काय झालं?" त्याने विचारलं. मी ऐटीत सांगितलं, व्होल्टेज पडत होतं म्हणून. तो मान हलवत ऐकत राहिला, वर्गातली शहाणी मुलं ऐकतात तसा. ओवाळणी परत करत नसतात, हे मला कुणी शिकवायला हवं होतं असं नाही.

नव्या वायरीच्या उत्साहात मी त्या थंडीत पुढेही गच्चीवरच बसत राहिले. उन्हाळा गेला, पावसाळ्यात आकाश झाकलेलं, कॅमेरा पेटीत. पुढच्या भाऊबिजेला भाऊ आला आणि ताटात दुकानातून आणलेली साडी ठेवली. चांगली होती. त्याच दिवशी वहिनी स्वयंपाकघरात मला म्हणाली, "पंपाचं काम सोडून देल्लं त्याईनं. कोनी आलं का उटनूरच्या दुकानात धाडतेत. म्हनतेत, ते बारीक काम माह्या हाताचं नाई." मी पुऱ्या लाटत होते. मी म्हटलं, वय झालं की डोळ्यांना दिसत नाही वहिनी. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

मग थंडी आली. मी पुन्हा शाल घेऊन खालच्या खोलीत, पुन्हा खिडकीतून पाच मीटरची जोडवायर. कूलर उणे दहावर गेला आणि पाटी आली: कॅमेरा जोडलेला नाही. कंपनीच्या वायरीवर. आधी मला राग आला, मग दादाची वायर आठवली.

रविवारी दुपारी कॅमेरा जेवणाच्या टेबलावर मांडला. तोंडाला झाकण लावलं की दिवसाही तपासता येतो. या वेळी लॅबमधला मीटर आणला होता आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं होतं. कूलर पूर्ण जोरात, व्होल्टेज व्यवस्थित. फोटोची वायर सरळ लॅपटॉपला लावली तर तासभर काही नाही. मध्ये पाच मीटरची जोडवायर घातली तर आठव्या मिनिटाला तुटला. काढली, चालला. घातली, तुटला. तीनदा केलं. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, पण दुसरं काहीतरी निघावं अशी आशा होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि चोर मीच दुकानातून विकत आणून खिडकीतून आत घेतला होता.

एवढं कळल्यावर त्याच दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. पेपर तपासायचे आहेत, असं मनाला सांगितलं. मग म्हटलं, फोनवर कसं बोलायचं, प्रत्यक्ष सांगू. मग म्हटलं, त्याच्या आता लक्षातही नसेल. असे तीन आठवडे गेले. दर संध्याकाळी कॅमेरा छान चालत होता आणि माझा एकाही फोटोत जीव लागत नव्हता.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी बस धरली. मुद्दाम भर दुपारी पोचले, तेव्हा दुकानात कुणी नसतं. अपमान गिऱ्हाइकांसमोर केला होता, माफी मात्र दुकान रिकामं बघून. तेवढी लबाडी माझ्यात शेवटपर्यंत शिल्लक होती.

भाऊ एका मोटारीत तार भरत होता. मी स्टुलावर बसले आणि प्रस्तावना न करता सांगून टाकलं. "दादा, तुही वायर चांगली होती. मीच चुकली. दुसऱ्याच वायरीचा घोळ होता."

त्याने हातातले वेढे पुरे केले, आकडा कागदावर लिहिला, मग म्हणाला, "चांगली होती, ते मले तवाच दिसलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तू गेली, त्याच दिवशी लावून पायली," तो म्हणाला. "बॅटरीले जोडली, म्होरं गाडीचा मोठा बल्ब लावला अन् मीटर धरलं. अर्धा घंटा बल्ब जळे, पन व्होल्टेज काई पडे नाई."

"मंग सांगतलं काऊन नाई मले?"

"कसं सांगाव? तू सायन्सवाली." तो जराही टोमणा न मारता बोलत होता. "म्हनलं, मीटरच खोटं दाखवून राह्यलं आसन. नवं आनलं. तेबी तेच दाखवे. मंग म्हनलं, दोन्ही मीटर त खोटे नसतीन. मलेच पायता येत नसन. अन् ज्याले मीटर पायता येत नाई, त्यानं लोकायच्या पंपाले कायले हात लावाव?"

वर्षभर हा माणूस दोन मीटर समोर ठेवून, दोन्ही खरे आणि आपणच खोटे, असं समजून बसला होता. मी म्हटलं होतं म्हणून.

तो थोडा पुढे सरकला. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट बरं वाटल्याची खूण होती. एक गोष्ट फार दिवस विचारायची राहून गेलेली असावी, तसं त्याने विचारलं, "बाई, मंग तुह्या मीटरवर तवा किती दिसलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. साडेदहा व्होल्ट म्हटलं असतं, मीटर बिघडला होता म्हटलं असतं, तर त्याने लगेच विश्वास ठेवला असता. माझ्या शब्दावर तो नेहमीच ठेवत आला आहे.

"मी मीटर लावलंच नव्हतं, दादा," मी म्हणाले.

त्याला ते कळायला वेळ लागला. मग त्याने हातातली तार खाली ठेवली.

"लावलंच नाई?" तो म्हणाला. "अन् तरी सांगतलं?"