रॅकवरचा पाना

कारखान्यात त्याला सगळे सतरा नंबर म्हणायचे. बॉयलरच्या सांध्यावर मारायचा त्याचा शिक्का सतरा नंबरचा होता. सदतीस वर्षं त्याने वेल्डिंगचे सांधे तपासले. हातोडीने ठोकायचं, कान द्यायचा, बोट फिरवायचं. पटलं तर शिक्का, नाही पटलं तर खडूने गोल. वेल्डर वैतागायचे. म्हणायचे, याला नव्या कपबशीतही चीर दिसते.

कारखाना बंद झाला आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. दुपारी झोपली ती उठलीच नाही. त्याने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग गॅसवरचं दूध उतरवलं, गॅस बंद केला आणि मुलीला फोन केला. माणसं आली तेव्हा त्याने शेजारून खुर्च्या आणल्या, माणसं गेल्यावर खुर्च्या पोचत्या केल्या. रडला नाही. नातेवाईक आधी म्हणाले, धीराचा आहे. मग म्हणाले, दगड आहे. दोन्ही त्याच्या कानावर आलं आणि दोन्हीचं त्याला काही वाटलं नाही. ताट पुढे आलं की जेवायचा. नाही आलं तर मागायचा नाही.

असं दीड वर्ष गेलं. मुलीच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर व्हिडिओ गेम तपासून देणारी कंपनी होती. तिथे चिकाटीची माणसं हवी होती. मुलीने विचारून ठेवलं आणि त्याला सांगितलं, "बाबा, दिवसभर भिंतीकडेच बघता ना? तिथेही भिंतीच बघायच्यात. निदान कपडे बदलून तरी बघाल."

तो गेला. तीन महिने कामावर घेऊन बघू, मग ठरवू, असं ठरलं.

काम खरंच भिंती बघायचं होतं. गेममध्ये एक माणूस परक्या ग्रहावर अडकलेला. यान मोडलेलं, सोबतचे मेलेले, हवा विषारी. त्याने धातू खणायचा, खोल्या बांधायच्या, हवेचं यंत्र चालू ठेवायचं, टबात भाजी लावायची आणि मधून मधून घरच्यांचे जुने निरोप ऐकायचे. निरोप ऐकत गेलं की गोष्ट पुढे सरकायची. सतरा नंबरने त्या माणसाला प्रत्येक भिंतीला चिकटवून चालवायचं, कोपऱ्यात घुसवायचं, कुठे भिंतीतून आरपार पडतो का बघायचं. पडला की नोंद लिहायची. नऊ ते सहा.

पहिल्या दिवशी त्याला रागही आला नाही, नुसतं नवल वाटलं. एक बटण दाबून धरलं की चार सेकंदांत भिंत उभी. ना ओळंबा, ना पातळी, ना घाम. पण काम ते काम. त्याने एक भिंत सोडली नाही. पहिल्या महिन्यात त्याच्या नोंदी सगळ्यांत जास्त निघाल्या. शेजारच्या टेबलावर हेडफोन लावून बसणारी मुलगी त्याला काका म्हणायची. ती म्हणाली, काका, थोडं सावकाश, आमची इज्जत जाते.

तिसऱ्या महिन्यात त्याला ती चूक सापडली.

गेममधल्या माणसाच्या कमरेला एक पाना असतो. सगळी कामं त्यानेच होतात. खोल्यांच्या मुख्य दाराबाहेर हत्यारांचा एक रॅक आहे, शोभेचा म्हणा. खेळणारा पाना कमरेला ठेवूनच आत-बाहेर करतो. सतरा नंबर तसं करत नव्हता. बाहेरचं काम संपलं की पाना रॅकवर. हत्यार जागेवर ठेवल्याशिवाय सुट्टी नाही, हे हाताला ठाऊक होतं, विचार करावा लागत नव्हता. गोष्टीत पुढे धुळीचं वादळ येतं. वादळ आलं की रॅकवर आपोआप झाकण पडतं आणि दार धुळीने अडकतं. अडकलेलं दार उघडायला पाना लागतो. पाना झाकणाखाली. माणूस बाहेर. हवा संपते, तो मरतो, आणि नेमका तेव्हाच गेम आधीचं जपलेलं सगळं पुसून तो मरणाचा क्षण तेवढा जपून ठेवतो. दोन दिवसांचं काम मातीत. पुन्हा सुरू केलं तरी तो बाहेरच, मरायला टेकलेला.

त्याने नोंद लिहिली. टीमच्या मॅडमनी वाचली आणि त्याला बोलावलं. तिशीची बाई, बोलायला चांगली. म्हणाल्या, काका, पाना परत ठेवतं कोण? हजारात एकही नाही. तो म्हणाला, मी ठेवतो. मॅडम हसल्या. मग नियम सांगितला: गेम बनवणारे इतकी मोठी चूक एकदा दाखवून मान्य करत नाहीत. अगदी सुरुवातीपासून खेळून तीनदा दाखवावी लागते. तीनदा दाखवली तर ते दुरुस्त करतील, आणि अशी चूक ज्याच्या नावावर आहे त्याला कायम करायला मॅडमना वर कुणाशी भांडावं लागणार नाही. नाहीतर कठीण आहे. वय वरच्यांच्या डोळ्यांवर येतं.

तिथपर्यंत पोचायला दोन दिवस लागायचे. तीनदा म्हणजे सहा दिवस. सोमवार ते शनिवार, आणि शनिवारीच त्याचे तीन महिने संपत होते. त्याने मान हलवली. नोकरी गेली तर पुन्हा घरातली ती भिंत होती, ते त्याला कळत होतं. भीती वाटत नव्हती, कळत मात्र होतं.

सोमवारी सुरुवातीपासून बसला. खणलं, खोल्या बांधल्या, टब लावले. मंगळवारी दुपारी वादळ आलं. पाना रॅकवर होता. माणसाने दार ठोकलं. मग दाराला पाठ लावून खाली बसला आणि हातमोज्यांतले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली. वाफ विरली. सतरा नंबरने वेळ लिहिली, खूण केली. प्रेशर गेजचा काटा उतरताना बघावा तसं बघितलं.

बुधवार, गुरुवार. पुन्हा तेच. खणणं, बांधणं, टब, निरोप. त्या माणसाच्या बायकोचा निरोप होता, आईचा होता, दोन्ही त्याला आता पाठ होते. पुन्हा वादळ, पुन्हा झाकण. माणूस दाराला टेकून बसला, हात गुडघ्यांवर. हेडफोनवाल्या मुलीने या वेळी खुर्ची दुसरीकडे फिरवली. म्हणाली, काका, तुम्ही जेवताय आणि तो मरतोय. त्याने डब्याकडे बघितलं. खरंच तो जेवत होता. त्याने डबा संपवला आणि वेळ लिहिली.

शुक्रवारी तिसऱ्यांदा सुरुवात केली. हात आता सरावले होते. शनिवारी चार वाजता तो रॅकपाशी येऊन ठेपला. मॅडम साक्षीला मागे उभ्या होत्या. शेजारच्या मुलीने हेडफोन काढून ठेवले होते. पडद्यावर आकाश तपकिरी व्हायला लागलं होतं. बाहेरचं काम झालं होतं. आता पाना रॅकवर ठेवायचा, एवढंच. एक क्लिक.

त्याने रॅककडे बघितलं. माणूस रॅकसमोर उभा होता, पाना हातात. वाऱ्याचा आवाज वाढला. मग सतरा नंबरने माणसाला वळवलं, रॅकला बगल दिली, दारापाशी नेलं आणि पान्याने दार उघडलं. माणूस आत आला. दार लागलं, दिवे लागले, माणसाने हेल्मेट काढलं. वादळ बाहेर राहिलं.

मग मॅडम म्हणाल्या, "काका, पाना?"

"नाही ठेवला."

"विसरलात?"

सदतीस वर्षांत तो हत्यार ठेवायला विसरला नव्हता. मॅडम त्याला वाट काढून देत होत्या, हेही त्याला समजलं.

"नाही. मुद्दाम नाही ठेवला."

"का पण? फक्त ठेवायचा होता."

"दोनदा झालं तेवढं लिहा," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा झालं नाही. खोटं लिहू नका."

पुन्हा खेळायला दोन दिवस लागले असते आणि दोन दिवस उरले नव्हते. मॅडमनी लिहिलं: तिसऱ्या वेळी आढळली नाही. नोंद बंद केली. हळू आवाजात म्हणाल्या, सोमवारी येऊ नका, मी कागद घरी पाठवते. आणि हवं तर आत्ताच निघा. तो म्हणाला, सुट्टी सहाला आहे.

सहापर्यंत त्याने काम केलं. आत आलेल्या माणसाकडून हवेच्या यंत्राची जाळी साफ करून घेतली, टबांना पाणी घातलं, राहिलेल्या दोन भिंती तपासल्या. एका कोपऱ्यात फट होती, तिची नोंद लिहिली. मग त्या माणसाला कॉटवर आडवं केलं आणि गेम जपून ठेवला.

हेडफोनवाली मुलगी म्हणाली, "मीही नसतं मारलं, काका."

"मारायचं काय त्यात? चित्र आहे ते," तो म्हणाला आणि डबा उचलला.

जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर तो थांबला. तो कठड्याला धरून पायरीवर बसला. खालच्या मजल्यावरून त्याची मुलगी बॅग घेऊन वर आली, त्याला न्यायला. तिने विचारलं, काय झालं, चक्कर आली का?

"नाही," तो म्हणाला. "सोमवारपासून काम नाही."

तिने बॅग खाली ठेवली. त्याच्या शेजारी पायरीवर बसली. लोक बाजूने उतरत होते, त्यांना जागा मिळावी म्हणून दोघंही भिंतीकडे सरकली. मग तो सांगायला लागला: एक माणूस आहे, त्याचं यान मोडलेलं आहे, हवा विषारी आहे. ती ऐकत राहिली.