तीन सकाळी एकच प्रश्न

सौंदडच्या स्टेशन रोडवर पहाटे धावायला आलेल्या प्रत्येक नव्या पोराला दसारामभाऊ एकच प्रश्न विचारत, "कोनं पाठवलं रे तुले?" दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशीही तोच. तिन्ही सकाळी "मीच आलो" असं उत्तर आलं, तरच गळ्यातली शिट्टी तोंडात जायची. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ भरतीची तयारी फुकट करून घेत. डावा पाय ओढत चालायचे, पण पोरांच्या आधी हजर.

माझी तांदळाची गिरणी त्याच रस्त्यावर. पोती उचलण्यापासून सुरुवात करून मी ती उभी केली. सौद्यात मला "नाही" म्हणून कोणी गेलेलं आठवत नाही. दसारामभाऊ म्हणाले, तेही चारचौघांत.

माझा निलेश बारावी नापास होऊन घरी लोळत होता. मीच त्याला स्कूटरवर बसवून नेला. म्हणालो, "याला माणूस करा, भाऊ. फी सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पोराला विचारलं, "कोनं पाठवलं?"

"बाबांनी."

"मंग बाबालेच धावू दे. जाय घरी."

सगळी पोरं हसली. ते हसू मी आजही विसरलेलो नाही.

त्याच आठवड्यात ते माझ्या गिरणीसमोरची तुंबलेली नाली फावड्याने काढत होते. कोणी सांगितलं नव्हतं. मी बाहेर जाऊन भांडण काढलं. "सरकारनं फौजेची सक्तीच करायला पाहिजे. घरटी एक पोरगा, मंत्र्याचाही अन् माझाही. मग तुमचे हे नखरे चालणार नाहीत."

"मंत्र्याच्या पोराचं बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "गरिबाचेच पोरं जातात, मले बी दिसते. पन जबरीनं आनलेला बाजूले असला ना सेठ, तर आपले डोळे दुश्मनावर नाही राहत, त्याच्यावरच राहतात."

मग त्यांनी पाय दाखवला. त्यांच्या शेजारच्या जवानाला बापाने भरतीला लावलं होतं. गोळीबार सुरू होताच तो उठून पळाला. त्याला खाली पाडताना गोळी यांच्या पायात शिरली.

"त्या पोरावर राग नाही माहा. बापावर हाय." आणि माझ्यापुढे फावडं धरून म्हणाले, "देशाचं काम कराचं असन तर नाली हाय ना. घ्या."

मी आत निघून गेलो.

दोन वर्षांत निलेश गिरणीत रुळला. गिऱ्हाइकं त्याचं नाव घेऊन येऊ लागली. आता तो मला हवा होता. आणि एका सकाळी गिरणीच्या दारातून मी त्याला त्या पोरांच्या घोळक्यात धावताना पाहिलं. महिना झाला होता म्हणे. मी तसाच रस्त्यावर गेलो.

"याला हाकला, भाऊ. बाप म्हणून सांगतो."

"तुमी आनला तवा घेतला नाही. आता तुमी नाही म्हनता म्हनून काऊन सोडू?"

मी हात जोडले. माणसापुढे मी पहिल्यांदाच जोडले असतील.

"जोडू नका, सेठ. मी कोनाले पाठवत नाही, कोनाले अडवत नाही. तीनदा विचारलं त्याले."

"काय म्हणाला?"

"ते त्याचं अन् माहं."

निलेश भरती झाला. आता कुठल्याशा डोंगरावर आहे, फोन लागला तर लागतो. तो गेल्यावर पोरांकडून मला कळलं, की तो पहिल्यांदा धावायला कोणत्या दिवशी गेला. आदल्याच दिवशी तांदळाचा ट्रक परत आला म्हणून मी हमालांसमोर त्याच्यावर ओरडलो होतो, "तुझ्यानं काही होणार नाही. निघ इथून."

गेल्या हिवाळ्यात दसारामभाऊंना लकवा मारला. कुडव्याला मुलीच्या घरी ठेवलं होतं. मी गेलो तो भांडायलाच. पण खाटेजवळ बसलो आणि भलतंच बोललो. "खरं सांगा, भाऊ. तो स्वतः आला, का मी पाठवला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले, घशातून आवाज आला. मी कान नेला, काही कळेना. मुलगी म्हणाली, "पाणी मागून राहिले, काका."

मी चमच्याने पाजलं. परत विचारलं. पाणी ओठांवरून ओघळलं आणि त्यांनी डोळे मिटले.

चौथ्या दिवशी गेले. संध्याकाळी निलेशचा फोन लागला, पोरांनी त्याला कळवलं होतं.

"बाबा, भाऊंना खांदा कोणी दिला?"

"पोरांनी. मीही दिला."

विचारायची हीच वेळ होती. त्या तीन सकाळी तू काय सांगितलंस, एवढंच.

"जेवलास का?" मी विचारलं.